मुलांशी कामानिमित्त बोलताना पियाजे-वायगॉट्स्की नेमके कुठे उपयोगी पडतात?

सोनचाफा

सोलापुरात अंगणवाडी सेविका, बालरोग वॉर्डातल्या सिस्टर, बालगृहातले समुपदेशक आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यांतल्या साहाय्यक व्यक्ती अशा मिश्र गटासाठी प्रशिक्षणाचा आराखडा करते आहे. बोधात्मक विकासाचा (मुलाचा विचार कसा वाढतो याचा) भाग आला की सगळीकडे पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा तोच तक्ता: ० ते २ संवेदी-कारक, २ ते ७ पूर्वक्रियात्मक, ७ ते ११ मूर्त क्रियात्मक, ११ च्या पुढे औपचारिक क्रियात्मक. तक्ता पाठ होतो, परीक्षेत लिहिला जातो, आणि कामावर गेल्यावर साडेचार वर्षांच्या मुलीला विचारलं जातं, "किती दिवसांपासून दुखतंय गं?" ती म्हणते "शंभर". मग कागदावर शेरा पडतो की मूल नीट सांगत नाही.

माझ्या मते या तक्त्याने मुलाचं माप काढण्याआधी आपल्या प्रश्नाचं काढावं. मूल चुकलं की पहिल्यांदा आपलं वाक्य तपासायचं. पण एवढं सांगून कुणाला काही हाती लागत नाही. तुमच्या कामात कोणतं वाक्य चालतं, कोणतं फसतं आणि का फसतं, ते बारकाव्यानिशी लिहाल का? किस्से नकोत, पद्धत हवी. कुठल्याही मुलाची ओळख पटेल असं काही लिहू नका.

हुरडा

वॉर्डाचं लिहिते.

सगळ्यात आधी शिक्षेची समजूत. लहान मूल आजाराला शिक्षा समजतं. चुकीची शिक्षा आपोआप मिळतेच, ही लहान मुलांची समजूत पियाजेने १९३२ मध्येच नोंदवली आहे. आपल्याकडे ही समजूत मोठी माणसंच पक्की करतात: "गप बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल." हे वाक्य वॉर्डात बंद करायला नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. आणि मुलाने विचारलेलं नसलं तरी आपण होऊन म्हणायचं, "तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. कुणाच्या रागावण्याने ताप येत नाही." एकदा बोलून भागत नाही. दाखल होताना, प्रक्रियेच्या आधी आणि घरी जाताना, असं तीनदा तरी.

दुसरं, किती समजावायचं. बिबेस आणि वॉल्श यांनी १९८० मध्ये मुलांच्या आजाराविषयीच्या कल्पनांचे टप्पे मांडले. ढोबळ अर्थ असा: सातच्या आतलं मूल शेजारी दिसलेल्या किंवा जवळ आलेल्या कशालाही कारण मानतं, सात ते दहाच्या सुमाराला स्पर्श, घाण, पोटात गेलेलं हे कारण पटतं, आणि अवयवांच्या आत काय बिघडलं हे साधारण अकरानंतर नीट कळतं. म्हणून चार वर्षांच्या मुलाला स्वादुपिंड सांगत बसू नका. काय दिसेल, कसला आवाज येईल, अंगाला कसं लागेल आणि आई कुठे बसेल, या चार गोष्टी सांगा. आठ वर्षांच्या मुलासमोर शरीराची बाह्यरेषा काढा आणि नळी कुठून कुठे जाते ते त्यालाच पेन्सिलीने दाखवायला लावा.

शब्द जपून वापरावे लागतात. "रक्त काढून घेणार" म्हटलं की सगळंच काढतील अशी भीती बसते. त्यापेक्षा "एवढ्याशा बाटलीत थोडंसं घेणार, अंगात पुष्कळ राहतं" म्हणा आणि रिकामी बाटली हातात द्या. टोचल्यावर पट्टी लावायला विसरू नका. वैद्यकीय गरज नसली तरी चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने भोक बुजलेलं दिसणं गरजेचं आहे.

दंतवैद्य वापरतात ती सांगा-दाखवा-करा पद्धत (अॅडलस्टन, १९५९) सगळीकडे चालते. रक्तदाबाचा पट्टा आधी बाहुलीला, मग आईला, मग मुलाला. मधे खंड पडू देऊ नका. दाखवलं आणि अर्ध्या तासाने केलं तर दाखवलेलं वाया जातं. पूर्वतयारीचा काळही वयाप्रमाणे ठरतो: शाळकरी मुलाला शस्त्रक्रियेची कल्पना आठवडाभर आधी दिली तर त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो, तीन-चार वर्षांच्या मुलाला तेवढ्या आधी सांगितलं तर आठवडाभर नुसती धास्ती. त्याला एखादा दिवस आधी पुरे.

वेदना मोजण्यात सर्वात जास्त घोटाळा होतो. ० ते १० आकडा साधारण आठ वर्षांच्या पुढे विचारा. त्याआधी चेहऱ्यांची पट्टी, चार वर्षांपासून. पण पट्टी कोणती तेही बघा. हसऱ्या चेहऱ्यापासून अश्रूंपर्यंत जाणाऱ्या पट्टीत मूल दुखणं न दाखवता मूड दाखवतं, आणि "मी रडत नाही" म्हणून शेवटचा चेहरा टाळतं. फेसेस पेन स्केलच्या सुधारित पट्टीत सहा चेहरे आहेत (०, २, ४, ६, ८, १०), त्यात हसू नाही आणि अश्रूही नाहीत. ती बरी. वापरण्याआधी वेगवेगळ्या लांबीच्या सहा कागदी पट्ट्या द्या आणि लहानापासून मोठीपर्यंत लावायला सांगा. हे जमत नसेल तर ते मूल चेहऱ्यांतही पहिला नाहीतर शेवटचाच निवडेल, मधले त्याच्यासाठी नसतातच. तिथे मुलाकडे बघून गुण द्यायची फ्लॅक पट्टी घ्या: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, एकूण १०. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत चालतं.

पाटीपेन्सिल

उत्तम माहिती. एक शंका. टाइप १ मधुमेह असलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना साखर कमी झाल्यावर काय करायचं ते घडाघडा म्हणता येतं, पण शाळेबाहेर तीच वेळ आली की हात हलत नाही. पाठांतर कमी पडतं का?

हुरडा

पाठांतर कमी पडत नाही, नियम त्या जागेला चिकटलेला असतो. मूर्त क्रियात्मक टप्प्यावर मूल समोरच्या वस्तूंवर तर्क चांगला चालवतं, "समजा असं झालं तर" यावर कमी. म्हणून एकच मोठा तक्ता देऊ नका, प्रसंगागणिक एक कार्ड करा: वर्गात, मैदानावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. प्रत्येक कार्डावर तेच टप्पे: मीटरवर ७० च्या खाली, डॉक्टरांनी लिहून दिलेली तेवढी साखर किंवा ग्लुकोज, १५ मिनिटं थांब, पुन्हा तपास, मोठ्यांना सांग. मीटर जवळ नसेल आणि थरथर, घाम, चक्कर असेल तर न तपासता साखर घ्यायची, याचं कार्ड वेगळं. आणि "सांग बघू" म्हणू नका, "करून दाखव" म्हणा. दप्तराच्या कोणत्या कप्प्यात ग्लुकोज आहे तिथपर्यंत हात गेला पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाला कार्ड पाठ असलं तरी जबाबदारी मोठ्यांचीच राहते, हे शाळेला लेखी द्या.

माळढोक

पॉक्सोच्या बाजूचं. आधी हद्द स्पष्ट करतो. बालकल्याण समितीने नेमलेल्या साहाय्यक व्यक्तीने घटनेबद्दल स्वतः चौकशी करायची नाही, मुलाकडून घोकून तर मुळीच घ्यायचं नाही. पण पोलीस, दंडाधिकारी किंवा वकील काय विचारतात आणि मूल कुठे अडखळतं ते ओळखून मध्येच नम्रपणे लक्षात आणून देता येतं. त्यासाठी हा विषय पक्का हवा.

कायद्यात जागा आहे. २०१२ च्या कायद्यात कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा. कलम २६ प्रमाणे मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत बसते. कलम ३३ प्रमाणे वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात, मधे विश्रांती देता येते, आक्रमक प्रश्न चालत नाहीत. वाक्य मुलाच्या आवाक्यात आणून विचारावं अशी विनंती याच टप्प्यावर करायची.

आता प्रश्नांचं. साक्ष सर्वात जास्त कुठे कोसळत असेल तर "कधी" आणि "किती वेळा" यावर. तारीख, वार, महिना ही सोय मोठ्यांची आहे. सहा वर्षांच्या मुलाला वारांची नावं ओळीने म्हणता येतात, पण त्यावर मागे जाऊन प्रसंग बसवता येत नाही. म्हणून पुष्कळ जण ओळखीच्या खुणा वापरतात: गड्डा यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा), नळाला पाणी येण्याचा दिवस, आई विड्या द्यायला कारखान्यात गेली ती वेळ. खुणा चांगल्या, पण त्या आपण पुढे करायच्या नाहीत. "गड्ड्याच्या आधी की नंतर?" विचारलं की लहान मूल दोनपैकी एक उचलतं, बहुतेकदा शेवटचं ऐकलेलं. त्याऐवजी "त्या दिवशी आणखी काय काय झालं ते सगळं सांग." मूल स्वतःहून पाळण्याचं, शोभेच्या दारूकामाचं किंवा भरलेल्या पिंपाचं बोललं तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. तारीख मोठ्यांनी नंतर काढायची. पाण्याच्या दिवसात तर आणखी एक अडचण आहे: पाणी रोज येत नाही आणि पाळी पुढेमागे होते, त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाशी ताडून बघितल्याशिवाय त्यावरून तारीख धरू नये.

"किती वेळा" साठी एनआयसीएचडी या मुलांचे जबाब घेण्याच्या पद्धतीत सोपा मार्ग आहे: "एकदा झालं की एकदापेक्षा जास्त?" जास्त म्हटलं तर "शेवटच्या वेळचं सांग", मग "पहिल्या वेळचं", मग "जी सगळ्यात जास्त आठवते ती". प्रत्येक प्रसंगाला मुलाच्याच तोंडचं नाव द्यायचं ("गच्चीवरचं", "पाहुणे आले तेव्हाचं") आणि पुढे तेच नाव वापरायचं. आकडा मागितला की मूल आकडा देतं, पुढच्या वेळी दुसरा देतं, आणि विसंगती त्याच्या माथी बसते.

या पद्धतीत मुद्द्यावर येण्याआधी नियमांचा सराव असतो, तो कुणी गाळू नये. "माझ्या कुत्र्याचं नाव काय?" मूल अंदाजाने नाव सांगेल. तेव्हा सांगायचं, "तुला माहीत नाही ना, मग 'माहीत नाही' म्हण." मग "मी म्हटलं तू दोन वर्षांची आहेस, तर काय म्हणशील?" मुलीने "नाही, मी पाच वर्षांची" म्हटलं की शाबासकी द्यायची, कारण मोठ्यांची चूक काढायला परवानगी असते हे बऱ्याच मुलांना आयुष्यात पहिल्यांदाच कळतं. त्यानंतर एखादा साधा प्रसंग, वाढदिवस वगैरे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावायचा. मूल किती लांब वाक्यात बोलतं ते इथेच कळतं. आपली वाक्यं त्याहून लांब नकोत.

बाहुल्यांबद्दलही सावध राहा. डीलोशच्या १९८७ च्या प्रयोगात खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत दाखवलेली जागा खऱ्या खोलीत शोधणं तीन वर्षांच्या मुलांना जमलं, अडीच वर्षांच्यांना नाही. बाहुली म्हणजे "मी" हे समजायला त्याहून जास्त वय लागतं. त्यामुळे चारच्या आतल्या मुलाने बाहुलीवर काय केलं यावरून निष्कर्ष काढू नये, तो खेळ असू शकतो.

एकरूख

सगळं ठीक, पण पियाजेला एवढा मान देताना त्याच्या मर्यादाही आराखड्यात टाका. तीन डोंगरांच्या प्रयोगावरून (दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाहुलीला डोंगर कसे दिसतील ते मुलाने सांगायचं) त्याने लहान मुलांना दुसऱ्याची बाजू दिसत नाही असं ठरवलं. ह्यूझने तीच गोष्ट भिंती आणि पोलीस बाहुल्या घेऊन विचारली ("पोलिसाला दिसणार नाही असं याला लपव") तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर केलं. लपाछपीचा हेतू मुलाला कळतो, डोंगरांचा कळत नाही.

संधारणाच्या (वस्तूंची मांडणी किंवा आकार बदलला तरी त्या तेवढ्याच राहतात हे कळण्याच्या) प्रयोगाचंही तसंच. पियाजेच्या पद्धतीत "दोन्हीकडे सारखं आहे का?" हा प्रश्न दोनदा येतो, वस्तूंची रांग पसरण्याआधी आणि नंतर. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये तो एकदाच, नंतरच विचारला, चुका कमी झाल्या. त्याच वर्षी मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी रांग एका खोडकर अस्वलाकडून "चुकून" विस्कटवली, तेव्हाही मुलं बरीच चांगली निघाली. मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतंय म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं, असा मुलाचा हिशोब असतो. @माळढोक, तुमच्या जबाबांना हे जसंच्या तसं लागू आहे. पोलीस, डॉक्टर, समिती, दंडाधिकारी यांनी तेच विचारत राहणं म्हणजे मुलाला उत्तर बदलायला सांगणं.

माळढोक

@एकरूख, शंभर टक्के मान्य. पुन्हा विचारणं टळत नसेल तर आधी म्हणायचं, "तू मघाशी सांगितलंस ते बरोबर होतं, मला नीट ऐकू आलं नव्हतं." अर्थात खरंच तसं असेल तरच.

निशिगंध

अंगणवाडी आणि विशेष शिक्षणाच्या बाजूने वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं. पियाजे आणि तो एकाच वर्षी, १८९६ मध्ये जन्मले, पण वायगॉट्स्की १९३४ मध्येच गेला. त्याचा समीप विकासाचा प्रदेश (मूल एकट्याने करतं ते आणि मदतीने करू शकतं ते, यांमधलं अंतर) आमच्या हाती पोचतो तो "मुलाला मदत करा" एवढाच होऊन. मदत किती, कोणत्या क्रमाने आणि कधी काढून घ्यायची, हे लिहिलेलं असलं तरच ते काम होतं. 'आधार-पहाड' (बांधकामाला लावतात ती परांची) हे रूपक वुड, ब्रूनर आणि रॉस यांचं, १९७६. त्यांनी ३, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांकडून २१ ठोकळ्यांचा मनोरा करून घेतला होता. त्यातून निघालेला नियम साधा आहे: मूल चुकलं तर पुढची मदत एक पायरी वाढवा, जमलं तर एक पायरी कमी करा.

आमच्याकडे बसेल असा नमुना देते. साहित्य: १२ चिंचोके, १२ मोठी बटणं, एक ताट. वय ४ ते ६ (तीनच्या आत चिंचोके नकोत, तोंडात जातात). आधी पाच मिनिटं नुसतं खेळू द्या, नाहीतर मूल नवलाईतच अडकतं. मग चिंचोका-चिंचोका-बटण असं दोनदा मांडा आणि म्हणा, "आता पुढचं तू मांड." मदतीच्या पायऱ्या:

० – काही न बोलता दहापर्यंत मनात मोजा.
१ – "पुन्हा पहिल्यापासून बघ."
२ – बोट ठेवत तालात म्हणा, "चिंचोका, चिंचोका, बटण."
३ – पुढचा पहिला तुकडा तुम्ही ठेवा.
४ – पूर्ण मांडून दाखवा, मोडा, मुलाला मांडू द्या.

चूक-बरोबर लिहू नका, कोणती पायरी लागली तो आकडा लिहा. लगेच दुसरी रचना द्या (बटण-चिंचोका-बटण), आठवड्याने तिसरी. पहिल्यांदा ३, मग २, मग १ असं उतरत असेल तर मूल शिकतंय, त्याला संधी कमी मिळाली होती. ४, ४, ४ राहिलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. मात्र त्याआधी ऐकू येतं का, दिसतं का, आणि त्या दिवशी खाऊन आलंय का ते बघा. या ताटावरून कुणीही बौद्धिक दिव्यांगतेचा शिक्का मारायचा नाही.

फसतं कुठे? सेविका शून्यावर थांबत नाहीत. दहा सेकंद शांत बसणं हा या कामातला सर्वात अवघड भाग आहे, दोन सेकंदांत बोट पुढे येतं. दुसरं, डोळ्यांनी उत्तर दिलं जातं, मूल ताटाऐवजी चेहरा बघून हात फिरवतं. म्हणून शेजारी बसा, समोर नको. तिसरं, आई मागून सांगते. तिला बाहेर पाठवू नका, तिच्याकडे आकडे लिहायचं काम द्या.

पाटीपेन्सिल

पूर्व भागातल्या अंगणवाड्यांत घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. तिथे काय?

निशिगंध

सूचना घरच्या भाषेतच द्यायची, आणि ती देणाऱ्या मदतनीस ताईंना पाचही पायऱ्या शब्दशः आधी लिहून द्यायच्या. नाहीतर त्या मायेने आणखी दोन वाक्यं जोडतात आणि पायरी १ ची ३ होऊन जाते. मराठीत ४ आणि तेलुगूत १ आलं तर नोंद १ चीच धरा. संस्कृतीचंही तसंच आहे: १९६९ मध्ये प्राइस-विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोत पाहिलं की कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचं संधारण इतर मुलांपेक्षा आधी कळतं. ब्राझीलमधल्या रेसिफेत रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांचा १९८५ चा अभ्यास तर सगळ्यांना वाचून दाखवावा असा आहे: गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना ९८ टक्के हिशोब बरोबर, तेच हिशोब कागदावर दिले तर ३७ टक्के. मंगळवार बाजारात भाजीच्या ठेल्यावर सुटे परत देणारं मूल गणितात 'कच्चं' ठरत असेल तर प्रश्न बदलून बघा. मुलांनी ठेल्यावर काम करावं असं मी म्हणत नाही, तपासणी न्याय्य हवी एवढंच.

सोनचाफा

समुपदेशकांसाठी एक राहिलं: मृत्यू. पाच वर्षांच्या मुलाला काय सांगायचं, यावर घरच्यांचा गोंधळ उडालेला असतो.

एकरूख

स्पीस आणि ब्रेंट (१९८४) यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: मेलेलं परत येत नाही, शरीराचं काम थांबतं, आणि हे प्रत्येक सजीवाचं होतं. बहुतेक मुलांना या तिन्ही पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळतात, पण एकदम नाही. म्हणून आधी विचारा, "तुला घरी काय सांगितलंय?" मग कोणता भाग सुटलाय तेवढाच भरा.

"बाबा गावाला गेले" सांगितलं तर मूल दाराशी वाट बघतं, आणि पुढे कुणीही गावाला निघालं की घाबरतं. "झोपलेत" म्हटलं तर रात्री झोपायला तयार होत नाही. "देवाला आवडले म्हणून नेलं" यात देवाचा राग येतो, शिवाय आपणही आवडलो तर, ही भीती. घरच्यांच्या श्रद्धेला हात लावायची गरज नाही. "देवाघरी गेले" म्हणायचं असेल तर जोडीला शरीराचं सांगा: "बाबांचं शरीर बंद पडलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत." मूल ऐकतं, खेळायला जातं, आणि संध्याकाळी विचारतं, "बाबा कधी येणार?" त्याने ऐकलं नाही असं नव्हे, ते पडताळून बघतंय. प्रत्येक वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. घरातल्या चौघांनी चार उत्तरं देऊ नयेत, म्हणून वाक्य कागदावर लिहून सगळ्यांना द्या.

आणि हुरडा यांनी लिहिलेला शिक्षेचा मुद्दा इथेही येतो: "मी हट्ट केला म्हणून." विचारायची वाट न बघता सांगून टाका.

माळढोक

मोठ्या मुलांचं थोडक्यात. अकरा पूर्ण झाली म्हणजे अमूर्त विचार आला असं नाही, तो विषयागणिक येतो आणि ताण असला की मागे सरतो. बालगृहातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला "पुढे काय करायचं ठरवलंस?" हा प्रश्न फार मोठा आहे. पुनर्वसनाचा आराखडा त्याच्यासोबत आठवड्याच्या तुकड्यांत करा: या आठवड्यात कोणता कागद, कुणाकडे, कोण सोबत येणार. एल्काइंडने १९६७ मध्ये मांडलेला काल्पनिक प्रेक्षक इथे लक्षात ठेवा: सगळे आपल्याकडेच बघतायत असं या वयात वाटतं, त्यामुळे गटासमोर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर येत नाही.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी तक्ता काढतच नाही आता. प्रत्येकाला कामावरची वाक्यं देऊन ती नव्याने लिहायला लावणार, आणि लिहिलेलं वाक्य शेजारच्याने मोठ्याने वाचायचं. ही पाच आत्ता घेतली आहेत, वय कंसात. तुमच्याकडची आणखी टाका, रविवारी छापायला देते.

"हे पहिल्यांदा कधी झालं?" (५)
"दुखणं दहापैकी किती?" (६)
"तू असं का केलंस?" (४)
"औषध घेतलं नाही तर काय होईल सांग." (८)
"तुझ्यासोबत असं काही झालेलं नाही ना?" (७)

हुरडा

एक माझ्याकडून: "थोडा वेळ थांब, आई येतेच आहे." (३)

एकरूख

पाचव्या वाक्यात वय लिहूच नका. "नाही ना" ने संपणाऱ्या प्रश्नाला "नाही" हे उत्तर सात वर्षांचंही देतं आणि सतरा वर्षांचंही.